फरक लपवू नका, शिकवा

प्रति,
माननीय संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे

महोदय,


नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे बालभारतीची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत. माध्यमिक वर्गांच्या विज्ञानाची पाळी येईल तेव्हा त्यात एक पाठ घालावा, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. माणसामाणसांतले शारीरिक फरक कसे पडले आणि त्यांवरून माणसांचे 'वंश' पाडण्याचा खटाटोप विज्ञानात का फसला, हा त्या पाठाचा विषय. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण या विषयावरची मतं शाळेपेक्षा घरात, सोसायटीत आणि स्थळं बघताना जास्त घडतात. तिथल्या मंडळींनीही ते वाचावं असं वाटतं.

मी पुण्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. डीएनए, उत्परिवर्तन, डार्विन आणि मग मानवाची वाटचाल अशा क्रमानं पाठ बुद्धिमान मानवापर्यंत येतो. मुलांचे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. आपण आर्य की द्रविड? घारे डोळे कोकणस्थांचेच का? आदिवासी वेगळ्या वंशाचे ना? मणिपूरच्या मुली आपल्यासारख्या का दिसत नाहीत? आफ्रिकेतले लोक पळण्यात पुढे का? यातला एकही प्रश्न खोडसाळ नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला डोळे असतात, त्याला फरक दिसतो, आणि दिसलेल्या गोष्टीचं कारण विचारणं हेच तर आपण त्याला विज्ञान म्हणून शिकवलेलं असतं.

यावर शाळेचं ठरलेलं उत्तर असतं, की आपण सगळे समान आहोत. ते खरं आहे, पण ते नागरिकशास्त्राचं उत्तर आहे. समान हक्क ही माणसांनी घेतलेली भूमिका आहे. ती कुणाच्या नाकावर किंवा जनुकावर अवलंबून नाही आणि असूही नये. मुलानं विचारलेला प्रश्न जीवशास्त्राचा असतो. त्याला जीवशास्त्राचं उत्तर मिळालं नाही, तर त्याला वाटतं की खरं उत्तर काहीतरी निराळं आहे आणि बाई ते सांगायला कचरतात. मग ते उत्तर तो फोनवर शोधतो. तिथे कवट्यांची चित्रं, वंशांचे नकाशे आणि शुद्ध रक्ताच्या गोष्टी तयारच असतात. आपण मोकळी सोडलेली जागा मोकळी राहत नाही, ही माझी खरी काळजी आहे.

ही काळजी पुस्तकी नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्य भारतातल्या तरुणांवर हल्ले झाले. आसामातल्या हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर अफवा पसरल्या होत्या, आणि मारणाऱ्यांनी माणसं निवडली ती चेहऱ्यावरून. त्या आठवड्यात पुणे स्टेशनवर आणि बंगळूरच्या स्टेशनवर गावी परतणाऱ्यांची रीघ लागली होती. पुढे जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निदो तानियाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि केंद्र सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. त्या समितीनं कायदा आणि पोलीस यांच्याबरोबर अभ्यासक्रमाचाही विचार केला. ईशान्येचा इतिहास आणि तिथली माणसं शाळेच्या पुस्तकांत यायला हवीत, असं तिनं सुचवलं. त्या शिफारशीत मी जीवशास्त्राची भर घालू इच्छिते. पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना खोली भाड्यानं मिळवताना काय ऐकावं लागतं, हे विद्यापीठाच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा.

पाठाची सुरुवात कुठून करावी, हे शोधायला फार लांब जावं लागणार नाही. या विषयातली मला ठाऊक असलेली सर्वांत बोलकी हकीकत पुण्याच्याच एका बाईंची आहे. मराठी वाचक इरावती कर्वे यांना 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांनी बर्लिनमध्ये मोजलेल्या कवट्यांविषयी मात्र आपल्याकडे फार थोडं बोललं गेलं आहे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या नदीवरून त्यांचं नाव पडलं. लहानपणीच त्या हुजूरपागेत शिकायला पुण्यात आल्या, रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या, फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या आणि मुंबईला प्रा. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी एम.ए. केलं. विषय होता चित्पावन ब्राह्मण. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. डॉ. जीवराज मेहता यांनी त्यासाठी कर्ज दिलं होतं. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचलं होतं, तरी सुनेनं परदेशी जाणं त्यांना पसंत नव्हतं. पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले.

बर्लिनच्या दाहलेम भागात १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेनं मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांचं नवं केंद्र उघडलं होतं. ऑयगेन फिशर त्याचे संचालक. या गृहस्थांनी १९०८ मध्ये आजच्या नामिबियात, तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, रेहोबोथ इथल्या मिश्र संततीच्या लोकांची मोजमापं घेतली होती आणि त्यावर १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांचा वंशसंहार केला. मेलेल्यांच्या कवट्या जर्मनीतल्या संग्रहांत पोचल्या. त्यातल्या काही २०११ पासून तीन खेपांत नामिबियाला परत करण्यात आल्या. इरावतीबाई दाहलेमला पोचल्या तेव्हा बर्लिनमधल्या संग्रहांत वसाहतींतून आणलेल्या हजारो कवट्या मांडून ठेवलेल्या होत्या.

फिशर यांनी त्यांना दिलेला विषय असा. माणसाची कवटी डाव्याउजव्या बाजूंना तंतोतंत सारखी नसते. ही विषमता गोऱ्या युरोपियांत जास्त असावी आणि तिचा संबंध त्यांच्या तर्कबुद्धीशी असावा, असा गुरूंचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, आफ्रिकेतून आणलेल्याही होत्या. विषमता सगळीकडे सापडली. ती वंशागणिक बदलते असं मात्र कुठे दिसलं नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसं लिहिलं. फिशर यांनी त्यांना उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली. इरावतीबाईंची नात उर्मिला देशपांडे आणि अभ्यासक थियागो पिंतो बार्बोझा यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इरू' या इंग्रजी चरित्रात हे सगळं सविस्तर आलं आहे.

त्या प्रसंगाचं वजन कळण्यासाठी पुढचं माहीत हवं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ऱ्हाइनलँडमध्ये आफ्रिकी वंशाचे वडील आणि जर्मन आया असलेली शेकडो मुलं होती. १९३७ मध्ये त्या मुलांची सक्तीनं नसबंदी झाली. त्यासाठी त्यांची 'वांशिक तपासणी' करणाऱ्यांत फिशर आणि त्यांची संस्था होती. १९४२ मध्ये फिशर यांच्या खुर्चीत फॉन फेरशुअर आले. त्यांचा शिष्य योझेफ मेंगेले आउशवित्झच्या छळछावणीतून याच संस्थेला नमुने पाठवत असे. संस्थेच्या आवाराजवळ २०१४ मध्ये खोदकाम करताना माणसांच्या हाडांचे तुकडे निघू लागले आणि पुढच्या उत्खननांत ते हजारोंनी मिळाले. कुणाची हाडं हे सांगणं शक्य नव्हतं. मार्च २०२३ मध्ये ती दाहलेमच्या दफनभूमीत पुरण्यात आली.

पंचविशीच्या आतल्या, कर्ज काढून गेलेल्या, परक्या भाषेत लिहिणाऱ्या एका मराठी मुलीनं त्या इमारतीत बसून आपल्या मार्गदर्शकाच्या आवडत्या सिद्धांताविरुद्ध आकडे मांडले. विज्ञानाची पद्धत म्हणजे काय हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. निरीक्षण, अनुमान, पडताळा हे शब्द आपण पाचवीपासून घोकून घेतो. पडताळ्यात गुरूचं अनुमान पडलं तर काय करायचं असतं, ते या हकीकतीत आहे.

पण महोदय, पाठात इरावतीबाईंचा पुतळा करू नका. परत आल्यावरही त्यांनी मोजपट्टी ठेवून दिली नाही. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजची संशोधन संस्था म्हणून नव्यानं उभारणी झाली, त्या वेळी त्या तिथे रुजू झाल्या आणि पुढची अनेक वर्षं महाराष्ट्रभर फिरून लोकांची उंची, डोकी आणि नाकं मोजत राहिल्या. वि. म. दांडेकरांसारख्या संख्याशास्त्राच्या जाणकाराबरोबर त्यांनी या मोजमापांचा ग्रंथ १९५१ मध्ये काढला. माणसांचे गट पाडून त्यांची मुळं शोधायची, ही बर्लिनची सवय त्यांच्या कामात बराच काळ दिसते. आजचे अभ्यासक त्यांच्यावर ही टीका करतात आणि ती रास्त आहे. तरीही, मोजत मोजत त्या कुठे पोचल्या हे पाहिलं पाहिजे. १९६८ मध्ये त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात ब्राह्मण म्हणवणाऱ्या, आपापसातच लग्नं करणाऱ्या आठ गटांची शारीरिक लक्षणं त्यात तपासली होती. सामाजिक पायरी एक असली म्हणून मूळ एक असतं असं नाही, हे त्यातून पुढे आलं. कुंभारांविषयी त्यांनी हेच लिहिलं होतं: चाक एक, नाव एक, पण महाराष्ट्रातल्या कुंभारांच्या निरनिराळ्या जाती एकमेकींत लग्न करत नाहीत आणि त्यांचे पूर्वजही एक दिसत नाहीत.

हे कशाविरुद्ध होतं? हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्यानं नाकाची रुंदी भागिले लांबी असा निर्देशांक घेऊन भारतातल्या जातींची उतरंड लावली होती. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा होता. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता आणि त्या जनगणनेत जाती सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमानं मांडल्या गेल्या. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लेचे आकडे पुन्हा तपासले आणि आजच्या उत्तर प्रदेशाबाहेर हा संबंध टिकत नाही हे दाखवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन'मध्ये जात म्हणजे वंशभेद हा समज खोडला, आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात घुर्ये यांनीच जमवलेले नाकाचे आकडे हातात घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही असा निष्कर्ष काढला. ज्या मोजपट्टीनं माणसाला खाली ढकललं, तिचेच आकडे बाबासाहेबांनी साक्षीला उभे केले. विज्ञानाच्या पुस्तकात बाबासाहेबांना जागा मिळावी असं मला फार दिवस वाटतं, आणि ही जागा त्यांची हक्काची आहे.

याच मोजमापांतून आणखी एक गोष्ट निघाली, ती गणिताच्या शिक्षकांना आवडेल. १९२० मध्ये नागपूरला विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याकडे कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या मोजमापांचा प्रश्न सोपवला. दोन मानवगटांतलं अंतर मोजायचं कसं, हा विचार महालनोबीस यांच्या डोक्यात तेव्हा शिरला आणि १९३६ मध्ये त्यांनी त्यासाठी सूत्र दिलं. आज ते जगभर वापरलं जातं, रोगनिदानापासून संगणकाला चित्रं ओळखायला शिकवण्यापर्यंत, आणि त्यातल्या बहुतेक वापरांचा माणसाच्या नाकाशी काही संबंध उरलेला नाही.

आता मूळ प्रश्न. फरक आहेत तर वंश का नाहीत?

पहिलं उत्तर आकड्यांचं आहे. १९७२ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांवरून जगभरातल्या माणसांतली विविधता मोजली. त्यातली सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहातल्या माणसामाणसांत सापडली. तथाकथित वंशांच्या मध्ये उरली ती जेमतेम ६ टक्के. म्हणजे आपल्या वर्गातल्या दोन मुलांत जो फरक असतो, त्यात दुसऱ्या खंडातला मुलगा आणून बसवला तर फार थोडी भर पडते. पुढे डीएनए थेट वाचता येऊ लागला, तेव्हाही चित्र बदललं नाही. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तोही मुलांना सांगायला हवा: शेकडो खुणा एकत्र पाहिल्या तर एखाद्याचे पूर्वज कुठल्या भागातले, हे संगणक बऱ्यापैकी ओळखतो. खरं आहे. पण पूर्वजांचा प्रदेश ओळखता येणं वेगळं, आणि माणसांचे चार-पाच कप्पे निसर्गानंच पाडलेले असणं वेगळं. त्याच खुणा वापरून संगणकाला चार गट मागा, तो चार देईल. चौदा मागा, चौदा देईल.

दुसरं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं, कारण ते मुलांना हातानं करून बघता येतं. शरीराची लक्षणं एकमेकांच्या हातात हात घालून चालत नाहीत. कातडीच्या रंगावरून माणसं लावली तर एक रांग होते, रक्तगटावरून दुसरी, दूध पचण्यावरून तिसरी. पहिल्या महायुद्धात मॅसिडोनियाच्या आघाडीवर हिर्शफेल्ड पती-पत्नींनी अनेक देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यात हिंदी सैनिकही होते आणि 'ब' गटाचं प्रमाण त्यांच्यात सर्वांत जास्त निघालं. १९१९ मध्ये तो निबंध आला, तेव्हा रक्तात वंशाची खूण सापडली असं अनेकांना वाटलं. पण रक्तगटांचे नकाशे जसजसे भरत गेले तसं दिसलं, की एका देशातून दुसऱ्या देशात जाताना प्रमाण हळूहळू चढतं किंवा उतरतं, आणि त्या चढउताराचा कातडीच्या रंगाशी मेळ बसत नाही. कुंपण कुठे घालायचं हे रक्त सांगत नाही.

रंगाचं घ्या, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त दुखावतो तो रंग. विषुववृत्ताजवळ ऊन कडक, तिथे काळी त्वचा शरीरातलं फोलेट वाचवते. उत्तरेकडे ऊन कमी, तिथे उजळ त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करता येतं. उन्हाशी जुळवून घेणं, इतकाच त्याचा अर्थ. युरोपियांच्या गोरेपणातला मोठा वाटा एसएलसी२४ए५ या जनुकातल्या एका बदलाचा आहे, हे २००५ मध्ये झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाच्या अभ्यासातून कळलं. तोच बदल भारतातही कमीअधिक प्रमाणात सर्वदूर आहे, आणि तो दोन्हीकडे एकाच पूर्वजाकडून आला आहे, हे २०१३ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवलं. चीन आणि जपानच्या लोकांचा उजळपणा मात्र बराचसा वेगळ्या जनुकांमुळे येतो. उलट बाजूनं, तमिळ माणूस, पापुआचा माणूस आणि केनियाचा माणूस यांचा रंग जवळजवळ सारखा असू शकतो आणि त्यांचे पूर्वज हजारो पिढ्यांपूर्वी वेगळे झालेले असू शकतात. सख्ख्या बहिणींत एक गोरी आणि एक सावळी असते, हे तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्या सावळ्या मुलीला लहानपणापासून जे ऐकवलं जातं, त्यावर विज्ञानाचं पुस्तक इतके दिवस गप्प का, असा प्रश्न मला पडतो.

सिकलसेलचं उदाहरण महाराष्ट्राच्या जास्त जवळचं आहे. गडचिरोली, नागपूर, नंदुरबार या भागांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीत आढळला, आणि जुलै २०२३ पासून केंद्र सरकारनं त्याच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आहे. बरीच वर्षं जगात सिकलसेल हा आफ्रिकी वंशाचा रोग मानला जात होता आणि आपल्याकडे त्याला आदिवासींचा रोग म्हटलं गेलं. पण हा बदल ग्रीस, सिसिली आणि अरबस्तानातही आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत तो जवळपास नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे सिकलचं एक जनुक असलेली मुलं जास्त जगली, एवढंच त्याचं कारण. रोगाला वंश चिकटवला की दोन अनर्थ होतात: त्या समाजातल्या मुलींची लग्नं अडतात, आणि त्या समाजाबाहेरच्या रुग्णाची तपासणी करायचं कुणाला सुचत नाही.

आणि बॉम्बे रक्तगट. १९५२ मध्ये मुंबईला डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. भारतात साधारण दहा हजारांत एखाद्या व्यक्तीचा असा रक्तगट असतो आणि तिला 'ओ' गटाचंही रक्त चालत नाही. त्या माणसाला रक्त लागलं तर भाऊबंद, जातबांधव, गाववाले यांतलं कुणीही उपयोगी पडेलच असं नाही. ज्याचं नाव कधी ऐकलं नाही असा कुणीतरी दुसऱ्या जिल्ह्यातून गाडीत बसून येतो. मुलांना रक्ताचं नातं शिकवायचं तर हेही शिकवू या.

आर्यांचा प्रश्न टाळू नये, अशी माझी खास विनंती आहे. तो प्रश्न पुण्याच्या मातीत मुरलेला आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, त्यात आर्य हे बाहेरून आलेले आक्रमक. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये वेदांतून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ शोधलं. दोघांचे हेतू अगदी निरनिराळे, पण आर्य नावाचा एक सलग वंश होता हे त्या काळाचं गृहीत दोघांच्याही लिखाणात आहे. आज प्राचीन डीएनए काय सांगतो? हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाच्या उत्खननात डेक्कन कॉलेजचा मोठा वाटा होता. तिथल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा डीएनए २०१९ मध्ये वाचला गेला. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पूर्वजांचा अंश तिच्यात नव्हता. तो अंश उपखंडात आला तो इसवी सनपूर्व २००० च्या नंतर. त्याआधी, २०१३ मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेनं परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या लोकांची मोठी सरमिसळ झाली, आणि आज भारताच्या मुख्य भूमीवरचा जवळजवळ प्रत्येक समाज, ब्राह्मण असो वा भिल्ल, त्या मिश्रणाचा वारस आहे. जातीतच लग्न करण्याचा कडक नियम नंतरचा. म्हणजे माणसं आली हे खरं, आणि जे आले ते वेगळे राहिले नाहीत हेही तितकंच खरं.

यातला अर्धा भाग एका बाजूला सोयीचा वाटतो, अर्धा दुसऱ्या बाजूला. म्हणून तर २०२२ मध्ये, केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय भारतीयांच्या वांशिक शुद्धतेचा अभ्यास करणार अशी बातमी येताच केवढी खळबळ उडाली. मंत्रालयानं ती बातमी दिशाभूल करणारी असल्याचं सांगितलं, आणि शंभराहून अधिक शास्त्रज्ञ व अभ्यासकांनी मंत्रालयाला पत्र लिहून वंश ही कल्पना विज्ञानानं टाकून दिली असल्याची आठवण दिली. त्या वेळी दहावीत असलेल्या मुलांकडे ती बातमी पारखून घ्यायला काहीच साधन नव्हतं.

आता पाठाविषयी. मुलांच्या कातडीचा रंग वर्गात मोजू नये. कल्पना कितीही शास्त्रीय असली तरी त्या तासाला एखादी मुलगी रडेल, आणि तिला झालेली इजा पाठानं भरून निघणार नाही. त्याऐवजी फळ्यावर वर्गाची नावं रक्तगटानुसार मांडावीत, मग करंगळीच्या आणि तर्जनीच्या लांबीच्या गुणोत्तरानुसार, मग दूध पचतं की नाही त्यानुसार. दर वेळी कोण कुणाच्या गटात जातं ते मुलांनीच वहीत लिहावं आणि या गटांना 'वंश' म्हणावं का, यावर त्यांनीच वाद घालावा. करंगळीचा वंश कुणालाही पटणार नाही. नाकाचा का पटत होता, हा प्रश्न मग आपोआप येईल, आणि तिथे रिस्ले, घुर्ये, बाबासाहेब आणि इरावतीबाई यांची दोन पानं असावीत. सिकलसेल त्यापुढे. राखीगढी शेवटी, नकाशासह.

हा पाठ शिकवणाऱ्यांसाठी हस्तपुस्तिका लागेल. नुसता पाठ छापून चालणार नाही, कारण वर्गात यावर जे विचारलं जाईल त्यातलं बरंच आम्हा शिक्षकांच्या स्वतःच्या घरातही बोललं जातं. डेक्कन कॉलेज आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग, दोन्ही आपल्या कार्यालयापासून लांब नाहीत. तिथल्या अभ्यासकांना पाठ्यपुस्तक समितीवर घ्यावं आणि विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या एका तरी शिक्षकाला त्यांच्याबरोबर बसवावं, कारण सिकलसेल असलेली मुलं त्यांच्या वर्गात बसतात. मसुदा तयार झाला की तो पुण्यातल्या, गडचिरोलीतल्या आणि मुंबईतल्या काही शाळांत आधी शिकवून पाहावा. त्या कामासाठी आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक सुट्टीच्या दिवशीही यायला तयार आहेत. आपल्या उत्तराची वाट पाहते.

प्रत माहितीसाठी: राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे.

आपली नम्र,
पुण्यातली एक विज्ञान शिक्षिका